ऋतंजयाचे वर

त्रेतायुगाच्या आरंभी विंध्याच्या उत्तर उतारावर शोणावती नावाची समृद्ध नगरी होती, आणि तेथे धनुर्धरश्रेष्ठ राजा ऋतंजय राज्य करीत होता. कुंभदंष्ट्र नामक वज्रदेही दैत्य त्याच्या प्रजेचा संहार करू लागला. राजाच्या बाणांनी त्याच्या कातडीवर ओरखडाही उमटेना. तेव्हा ऋतंजयाने घोर तप करून अग्निदेवाला प्रसन्न केले आणि त्याच्या वराने बाणाचे बळ दुप्पट झाले. दैत्य घायाळ झाला, पण मेला नाही.

राजा पुन्हा तपाला निघाला. त्याचा धाकटा भाऊ सुनाभ हा वरुणाचा उपासक. या वेळी वरुणाचा प्रसाद घ्यावा, असे त्याने विनविले. एका घरात दोन देवांची आराधना म्हणजे अग्नीचा अवमान, असे ठरवून राजाने त्याला पत्नी सुचेतेसह वनात घालविले.

वर्षे लोटली. राजाचे केस पिकले. अग्नीने आणखी दोनदा वर दिला, तरी प्रत्येक वराचा गुण आधीपेक्षा उणाच वाटे. अखेर संतप्त राजाने देवालाच जाब विचारला.

“राजन्,” अग्निदेव म्हणाले, “माझा प्रत्येक वर तुझ्या मूळ बळावरच मोजला जातो. पहिल्याने ते दुप्पट झाले, दुसऱ्याने तिप्पट, तिसऱ्याने चौपट. माझे वर एकमेकांशेजारी बसतात, एकमेकांना वाढवीत नाहीत. दुसऱ्या देवाचा वर मात्र ही सारी रास एकदम दुप्पट करील.”

“हे आपण आधी का सांगितले नाही?”

“तू विचारले नाहीस. तू केवळ मागत राहिलास.”

राजा अनवाणी सुनाभाच्या आश्रमात गेला. कदंबांच्या गर्द छायेत, निर्झराच्या काठी, वल्कले नेसलेल्या भावाने त्याचे पाय धुतले आणि सारे ऐकून घेतले. मग तो शांतपणे म्हणाला, “दादा, त्या दिवशी वरुणाला ओंजळभर अर्घ्य पुरले असते. त्याचा भक्त नगरातून हाकलला गेला. आता वरुण माझे प्राण मागतो.”

ऋतंजयाने क्षणभर मान खाली घातली. मग बाण पुढे केला.

सुनाभाने बाणाला स्पर्श केला आणि तो तेथेच कोसळला. चौपट बळ आठपट झाले. एकाच बाणाने कुंभदंष्ट्राचे वक्षःस्थळ विदीर्ण झाले. नगरीत दुंदुभी झडू लागल्या. महाद्वारात मात्र सुचेता उभी होती. तिच्या डोळ्यांत अश्रू नव्हते.

“ज्या बळासाठी तू भाऊ वेचलास,” ती म्हणाली, “ते तुझ्या कुळाला कधीच पुरणार नाही. तुमचे बळ वाढेल, आणि तितकाच तुमचा शत्रूही वाढेल.”

तसेच झाले. ऋतंजयाच्या पुत्रापुढे अधिक बलाढ्य दैत्य उभा राहिला, नातवापुढे त्याहून बलाढ्य. त्या कुळातले वीर अजूनही तप करतात, वर मिळवतात, युद्ध जिंकतात; आणि जयघोष विरण्याआधीच पुन्हा तपाला बसतात.