एका पायाचा तेलचोर

निमसरे संस्थानात तेलाची चोरी होत होती. समईचं तेल नव्हे, मुदपाकखान्यातलंही नव्हे, खुद्द महाराजांच्या मोटारीच्या ब्रेकचं तेल! कितीही भरा, भांडं आपलं पुन्हा रिकामं. काल तर ब्रेक लागलाच नाही आणि मोटार थेट पागेपुढच्या गवताच्या गंजीत घुसली. महाराज बाहेर आले ते पगडीत गवत घेऊनच. हसायची सोय नव्हती, म्हणून मानकऱ्यांनी खोकून घेतलं.

जयवंतराव महाराजांचा त्या मोटारीवर भारी जीव. चालवायचे स्वतःच. दुसऱ्या कुणी त्यांच्या जागेवर नुसतं वाकून पाहिलेलंही त्यांना खपत नसे. शहरातून मिस्त्री आणला. त्यानं चाकं उघडली, नळ्या पुसल्या, मोटारीखाली पाठीवर सरपटला.

"गळती कुठंच नाही, सरकार."

"मग चोरीच!" महाराज गरजले. "मोटारखान्याच्या पहारेकऱ्याला कोठडीत टाका! उद्या दरबारात चोर उभा राहिला नाही, तर हा रावजी संस्थानाबाहेर!"

रावजीची बहीण ठकू ही राजवाड्याची परटीण. आईबाप केव्हाच गेलेले, तिचं माहेर म्हणजे हा एवढा भाऊ. तोच हद्दपार झाला, तर दिवाळीला जायचं कुठं? धुण्याचं गाठोडं काखेत मारून ती तशीच दरबारात आली.

"सरकार, चोर मी आणते."

"तू? पाहिलंस त्याला?"

"त्याचं पाऊल पाहिलंय. गडी एका पायाचा हाय!"

दरबारात खसखस पिकली. महाराज म्हणाले, "एका पायावर उभा राहणारा आमच्याकडे एकच, तळ्यावरचा बगळा. त्याला बांधून आणतेस की काय?"

"बगळा मासे खातो सरकार, तेल पीत न्हाई. पण चोर घावला, तर शिक्षा काय द्याल?"

"भर दरबारात एका पायावर उभा करू! मग तो कुणी का असेना!"

"दिला शब्द?"

"दिला!"

"मग उद्या तेल भरून मोटारीतनंच या. जरा बेतानं हाका, म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी ठकूनं दारापासून गादीपर्यंत पांढऱ्याशुभ्र पायघड्या अंथरल्या. महाराज मोटारीतून उतरले, पायघड्यांवरून रुबाबात चालत आले आणि गादीवर बसले.

"कुठाय चोर?"

"आला की! तुमच्यासंगंच आला. मागं बघा."

सगळ्यांनी माना वळवल्या. पायघड्यांवर तेलकट ठसे उमटले होते. पण सगळे उजव्या बुटाचे. डाव्याचा एकही नाही! दिवाणसाहेबांनी घाईघाईनं नजर छताकडे वळवली. मिस्त्रीनं वाकून ठसा हुंगला.

"ब्रेकचंच तेल!"

"दर दरबारानंतर हाच डाग घासतेय मी," ठकू म्हणाली. "सरकार, ब्रेक कोणत्या पायानं दाबता?"

"उजव्या."

"मग तेल तिथंच, ब्रेकच्या पट्टीपाशी पाझरतंय, मोटारीतल्या गालिच्यात मुरतंय आणि तुमच्या तळव्याला लागून वाडाभर हिंडतंय. मिस्त्रींनी सगळं पाहिलं. पण सरकारांच्या पायाशी डोकं घालायची छाती कुणाची?"

महाराजांनी उजवा बूट उचलला, तळवा पाहिला आणि मिशी फेंदारली. कोठडीतून आणलेला रावजी दाराशी उभा होता. आपली बहीणही आता आपल्याबरोबर हद्दपार होणार, अशी त्याची खात्रीच झाली.

"म्हणजे चोर आम्ही? आम्ही एका पायावर उभं राहायचं?"

"छे छे! तुम्ही कशाला, सरकार? चोर तुमचा उजवा पाय. त्याला एकट्याला उभा करा. डावा बिचारा निर्दोष हाय, त्याला वर उचलून इश्रांती द्या!"

मग महाराज असे हसले की पगडी तिरकी झाली. दिवाणसाहेबांचा खांदा धरून ते खरोखरच उजव्या पायावर उभे राहिले, आणि हसता हसता दोघंही पडता पडता वाचले.

रावजीला मानाचा फेटा मिळाला, ठकूला चांदीचे तोडे.

"आणि ठकू," महाराज डोळे पुसत म्हणाले, "आज तुला आमच्या मोटारीतून भावाच्या घरी पोचवणार! आम्ही स्वतः!"

"येते की, सरकार! पण आधी मिस्त्रींना तुमच्या जागेवर बसून ती गळती काढू द्या. न्हाईतर माहेर ऱ्हाईल बाजूला, मी उतरायची गवताच्या गंजीत!"

महाराज पुन्हा हसत सुटले, आणि मोटारीची किल्ली त्यांनी आपल्या हातानं मिस्त्रीकडे फेकली.