शास्त्रीबुवांचा हातगुण

भालगडच्या राजबागेत वांग्याची पानं वळून द्रोणासारखी झाली, घेवड्याचे शेंडे आखडले, आणि भैरवराजांच्या ताटात सलग आठ दिवस नुसतं पिठलं पडलं. राज्यावर एवढं संकट कोसळल्यावर दरबार भरणारच.

राजवैद्य त्र्यंबकशास्त्र्यांनी बागेकडे न पाहताच निदान केलं, "माळ्याचा हातगुण गेला."

हैबती माळी तीस वर्षं त्या बागेत राबत होता. तो मान खाली घालून उभा राहिला. त्याची मुलगी येसू मात्र पुढे आली. "तीस वर्षांचा हातगुण एका हंगामात कसा जाईल, महाराज?"

"मग सिद्ध कर," राजे म्हणाले. "पण माणसाची साक्ष नको, माणसं खोटं बोलतात. वीस दिवसांत मुका साक्षीदार आण. नाहीतर बापलेक वेशीबाहेर."

येसूला संशय होताच. तेच बी, त्याच विहिरीचं पाणी, तरी तिच्या परसातली वांगी तरारली होती. परसात घरच्या गाईचं शेण पडे आणि राजबागेत पागेतली लीद. घोडे चरत राजकुरणात, आणि तिथे शास्त्रीबुवांनी यंदा आपलं नवं तणनाशक फवारून शालजोडी मिळवली होती. पण शालजोडीपुढे माळ्याच्या पोरीचं कोण ऐकणार?

तिने हात जोडले. "शास्त्रीबुवांचा हात पवित्र. सहा कुंड्यांत घेवडा त्यांनीच पेरावा, पाणीही त्यांनीच घालावं. माती, बी, पाणी एकच. तीन कुंड्यांत पागेतलं खत, तीन कुंड्यांत माझ्या गाईचं. पहाऱ्यावर महाराजांचे शिपाई."

शास्त्रीबुवा खूश झाले. त्यांनी मुहूर्त काढला, सोवळं नेसून बी पेरलं आणि रोज मंत्र म्हणत पाणी घातलं.

विसाव्या दिवशी कुंड्या दरबारात आल्या. गाईच्या खतातली रोपं ताठ उभी होती. पागेच्या खतातल्या तिन्ही रोपांची पानं चुरगळलेली, शेंडे वाकडे.

"हे माझे मुके साक्षीदार," येसू म्हणाली. "आता शास्त्रीबुवांनीच सांगावं. त्यांचा हातगुण गेला, की खतात खोट आहे?"

शास्त्रीबुवांनी घाम पुसला. "हातगुण शाबूत आहे. खतातच खोट असणार."

"ती आली कुठून? कुरणातल्या गवतातून?"

"अशक्य! माझं औषध फक्त रुंद पानांचं तण मारतं, गवताला धक्का लावत नाही. घोडे बघा, ठणठणीत आहेत."

"तेच म्हणते मी, बुवा. गवत जगलं, घोडा जगला, आणि औषध घोड्याच्या पोटातून फेरफटका मारून जसंच्या तसं लिदीत उतरलं. फार इमानी औषध. तुम्ही मारायला सांगितलंत, ते अजून मारतंय. महाराजांचं वांगं म्हणजे तण नव्हे, एवढंच त्याला कोणी सांगितलेलं नाही."

राजे इतके हसले की मुकुट सावरावा लागला. डोळे पुसत त्यांनी विचारलं, "पण पागेमागे लिदीचा डोंगर पडलाय. त्याचं काय करायचं?"

"राजकुरणातच पसरावा, महाराज. गवताला तो बाधत नाही. फक्त तिथली लीद पुन्हा बागेत येऊ देऊ नये. आणि पसरायला पवित्र हात असला तर उत्तमच."

राजांना पुन्हा हसू फुटलं. हैबतीची चाकरी कायम झाली, येसूला सोन्याचं कडं आणि राजबागेची मुखत्यारी मिळाली, आणि त्र्यंबकशास्त्र्यांच्या हाती दरबारातर्फे समारंभपूर्वक एक नवं कोरं घमेलं देण्यात आलं.