मामांची झडप

एका गावात केरबा नावाचा एक भोळा भाचा होता. भोळा असं त्याची आई म्हणायची. गाव दुसरा शब्द वापरायचं.

त्याचे मामा, रावजी, चार पावलं चालले की धापा टाकायचे. तालुक्याचे डॉक्टर छातीला नळी लावून म्हणाले, "हृदयात वेगळाच आवाज येतोय. उद्या उपाशीपोटी रक्त तपासायला या."

दुसऱ्या दिवशी केरबा स्वतः उपाशी राहिला. मामांना त्याने दोन भाकरी वाढल्या. तपासणी फुकट गेली.

गोदामामी कडाडली, "अरे ठोंब्या! ह्यांच्या पोटात काही जाऊ द्यायचं नव्हतं!"

"बरं मामी, ध्यानात ठेवतो."

आणि त्याने ठेवलं. मूर्खाची स्मरणशक्ती चांगली असणं यासारखा शाप नाही.

रक्त तपासलं. साखर वाढलेली, चरबी वाढलेली. त्यातली एक चरबी तर घराण्यातूनच आलेली. "यानं हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात," असं म्हणून डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. आठवडाभर केरबाने एकही गोळी मामांच्या पोटात जाऊ दिली नाही.

"अरे शंखा! डॉक्टर जे सांगतील ते सकाळी एक, संध्याकाळी एक, पाण्याबरोबर द्यायचं!"

"बरं मामी, ध्यानात ठेवतो."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी बिडीचं सांगितलं. घातक आहे, बंद करा म्हणाले. केरबाने सकाळी एक बिडी दिली, संध्याकाळी एक. पाण्याबरोबर. मामांनी त्याला तोंडभर आशीर्वाद दिला.

"गाढवा, जिवाला घातक असेल ते चुलीत घालायचं!"

"बरं मामी."

केरबाने रक्ताचा रिपोर्ट उघडला. साखर जास्त, चरबी जास्त, दोन्हींखाली लाल रेघ. म्हणजे सगळंच घातक. घातला चुलीत.

शहरातल्या मोठ्या डॉक्टरांनी तोच रिपोर्ट मागितला, तेव्हा मामीने कपाळ बडवून घेतलं. "अरे, डॉक्टरांना जे लागेल ते घरातून आणून हजर करायचं असतं रे!"

"बरं मामी, ध्यानात ठेवतो."

सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या. डॉक्टर म्हणाले, "झडपेवर चुन्यासारखा थर साचलाय. ती नीट उघडतच नाही. दुसरी झडप लागेल, आणि लवकर लागेल."

मामीने पदर तोंडाला लावला. केरबा मात्र उठला आणि एसटी स्टँडकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी मामांना ऑपरेशनला नेत होते, तेवढ्यात केरबा जिन्यातून वर आला. डोक्यावर घराच्या दाराची सागवानी झडप. कडीकोयंड्यासकट.

डॉक्टर थबकले. "ही कुणाला?"

"मामांना. थोडी मोठी होईल. पण रंधा आणलाय."

भीतीने पांढरे पडलेले मामा स्ट्रेचरवर खो खो हसू लागले. नर्सने त्यांना कसंबसं आत नेलं.

पाच तासांनी डॉक्टर बाहेर आले. नवी झडप बसली होती, मामा वाचले होते. मामीने रडतच हात जोडले. केरबा तिला बाजूला सारून पुढे झाला.

"डॉक्टरसाहेब, मामांची जुनी झडप द्या ना. तिकडं घर उघडंच पडलंय."