पोपट न बसलेलं दुपटं

फार मागची नाही, नॅनोचं कापड बाजारात नवं नवं आलं तेव्हाची गोष्ट. यमुनेच्या बाळाला आत्यानं पांढरंशुभ्र दुपटं आणलं. त्याच्या धाग्यांवर डोळ्यांना न दिसणारा बारीक थर होता. दूध सांडलं तरी थेंब घरंगळून जाई.

धुऊन ते दोरीवर घातलं, तर शेजारी जुनं दुपटं वाळत होतं. त्यावर काजळाचे, हळदीचे डाग आणि कोपऱ्यात यमुनेनं रंगवलेला हिरवा पोपट.

"काय गं तुझा अवतार!" नवं म्हणालं.

"अगं, हा सगळा बाळाचाच थाट," जुनं हसलं.

पोपटाशिवाय बाळ झोपत नसे, म्हणून यमुना नव्यावरही पोपट काढायला बसली. नव्याला केवढी हौस! पण ब्रश टेकला की रंगाचे मणी होऊन खाली ओघळत. तीनदा काढला, तीनदा गेला.

"धर की गं रंग!" जुनं ओरडलं.

"कसा धरू? मला नुसतं झटकायलाच शिकवलंय," नवं रडवेलं झालं.

दुपारी बाळाला नव्यात गुंडाळलं. त्यानं कोपरे चाचपले आणि भोकाड पसरलं. जुनं पांघरताच पोपट मुठीत धरून ते झोपलं.

तेव्हापासून नवं दुपटं बाळाखाली अंथरतात. बाळ ते रोज ओलं करतं. ओल निथळून जाते, आणि नवं दुपटं एखादा तरी डाग मागे राहिलाय का ते बघत बसतं.