बातमीचा बिल्ला

नदीच्या दोन्ही तीरांवर व्याकरणातल्या नामांची वस्ती होती. त्यांना हातपाय होते, घरंदारं होती, आणि कुणालाही असतो तसा मानापमान होता. दोन्ही तीरांवरची सुखदुःखं बहुतेक तीच. चालीरीती तेवढ्या वेगळ्या. ऐलतीरावर 'किती?' हा एकच प्रश्न सगळ्यांना पुरत असे. आंबे किती, दूध किती, पाहुणे किती, ऊन किती. पैलतीरावर, म्हणजे परक्या भाषेत, तेवढ्याने भागत नसे. तिथे वेशीला दोन दरवाजे होते आणि दोन दरवाजांवर दोन भाऊ. थोरला कितीजण, धाकटा कितपत. ज्याची मोजणी होई त्याच्या गळ्यात कितीजण लाकडी बिल्ला घाली, आणि एकाहून अधिक असतील तर प्रत्येकामागे 'स'ची एक बारीकशी शेपटी शिवी. ज्याची मोजणी होत नसे त्याने कितपतच्या दरवाजाने जायचं. त्याला बिल्लाही नाही आणि शेपटीही नाही.

बातमी ऐलतीरावर लहानाची मोठी झाली. त्या सात बहिणी. सणासुदीला ओळीने निघाल्या की लोक म्हणत, "सात बातम्या आल्या!" ही चौथी, आणि सर्वांत सरळ. बाकीच्या वाटेत भेटेल त्याच्याकडून तिखटमीठ लावून घेत. ही जशी निघे तशी पोहोचे. आपण कुणी तरी एक आहोत, याचा तिला अभिमान होता, आणि त्यात काही वावगंही नव्हतं.

एके दिवशी सकाळीच वरच्या बांधाच्या राखणदाराने तिला बोलावून घेतलं.

"बांधाला भेग पडलीय," तो म्हणाला. "फुटला तर पाणी आपल्याकडे यायचं नाही, पैलतीराच्या खालच्या पेठेत शिरेल. तिथल्यांना टेकडीवर जायला सांग. उन्हं कलायच्या आत पोच. तुझ्या बहिणींचा भरवसा नाही मला, म्हणून तुला धाडतोय."

बातमी तशीच घाटावर आली. तिथला नावाडी म्हणजे अर्थबाबा. या तीरावरून त्या तीरावर ने-आण करण्यात त्याची हयात गेली होती.

"बाबा, मला लवकर पार करा. फार महत्त्वाचं काम आहे."

"करतो की," बाबा वल्हं उचलत म्हणाला. "आणि जशीच्या तशी उतरवीन. तुझ्यातलं कणभर सांडणार नाही. पण एक सांगून ठेवतो, पोरी. पलीकडे तुला कुठे बसवतील, कसं वागवतील, ते माझ्या हातात नाही. मी ओझं नेतो, रीत नाही नेत."

घाईत असलेल्याला सल्ला ऐकू येत नाही. नाव टेकताच बातमीने काठावर उडी घेतली, आणि पाहते तो काय, तिच्या पदराच्या टोकाला एक इवलीशी शेपटी फुटली होती. ती झटकली, ओढली, जाईना. शेवटी तशीच पदर सावरत ती थोरल्या दरवाजापाशी गेली.

कितीजणने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "शेपटी आहे म्हणजे तुम्ही पुष्कळजणी. बाकीच्या कुठायत?"

"बाकीच्या कुणी नाहीत. मी एकटीच आलेय."

"एकटी, आणि शेपटी?"

"ती इथे उतरल्यावर आली. तुमच्याच काठाची करणी."

कितीजण माणूस तसा भला होता, पण नियमाचा पक्का. त्याने खोक्यातून 'एक'चा बिल्ला काढून तिच्या गळ्यात बांधला. गाठ सुटली. पुन्हा बांधला, पुन्हा सुटली. तिसऱ्या वेळेला दोरीच तुटली. त्याने खाली पडलेला बिल्ला उचलून पुसला आणि मवाळ आवाजात म्हणाला, "बाई, माझ्याकडचं काही तुमच्या अंगाला लागत नाही. तुम्ही माझ्या दरवाजाच्या नाहीत. धाकट्याकडे जा."

"अहो, पण मी एक बातमी आहे!"

एवढं ऐकताच रांगेतल्या खिडक्या, छत्र्या, पेन्सिली खुदकन हसल्या. बातमीच्या कानशिलाला झिणझिण्या आल्या. ऐलतीरावर जे रोज सकाळी अभिमानाने म्हणायचं, ते इथे म्हटलं की हसू येतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कितपतच्या दरवाजात गर्दी होती, पण गोंगाट नव्हता. दूध पेल्यातून चाललं होतं, तांदूळ पोत्यातून, मीठ चिमटीतून. केसांनाही तिथूनच जावं लागे. एखादा केस आमटीत सापडला तरच त्या एकट्याला थोरल्या दरवाजाचा बिल्ला मिळे, आणि तो मान कुणालाच नको असे. सामान मात्र मजेत ऐसपैस बसलं होतं. त्याला ऐलतीरावरही कुणी मोजत नसे. त्याला दोन्हीकडे सारखंच.

"कशातून आलात?" कितपतने विचारलं.

"नावेतून."

"तसं नाही. तुम्हाला आत कशातून नेऊ? पेला, पोतं, वाटी, मूठ?"

"मी काय दूध आहे?" बातमी ताडकन म्हणाली. "आमच्याकडे मला माझा आकडा होता. सात जणींतली एक होते मी. आणि इथे मला पोत्यात घालता?"

"घालत नाही. विचारतोय," कितपत शांतपणे म्हणाला. "सोबत कुणी असल्याशिवाय मला तुम्हाला आत सोडता येणार नाही."

बातमी तिथून पाय आपटत निघाली. वेशीच्या भिंतीला तोंड लावून तिने हाका मारल्या, "बांध फुटतोय! टेकडीवर जा!" पण दरवाजातून रीतीने न आलेल्याचा आवाज त्या भिंतीपलीकडे पोहोचत नसे, आणि आत आल्याशिवाय तिचा निरोप ऐकायची मुभा दोन्ही भावांना नव्हती. आत बाजार चालू होता. सूर्य डोक्यावर आला होता. दोन दरवाजांच्या मधल्या दगडावर ती मटकन बसली आणि तिला रडू कोसळलं. अपमानाचं रडू ते होतंच. पण राखणदाराने विश्वासाने धाडलं आणि आपण वेशीतच अडकलो, याचं जास्त होतं.

"रडून घे," बाजूने आवाज आला. "मीही पहिले दोन दिवस रडलो."

तो पाव होता. अंग खरपूस भाजलेलं, बोलणं ऐलतीराचं. त्याच्या खांद्याला खांदा लावून एक सडपातळ गृहस्थ उभा होता.

"तिकडे मी एक पाव, सहा पाव, डझनभर पाव. केवढा तोरा होता माझा!" पाव म्हणाला. "इथे आलो तर म्हणे, तुला मोजता येत नाही. रुसून बसलो. इतका रुसलो की शिळा व्हायची वेळ आली. मग हा भेटला. याचं नाव काप. आता मोजायचं झालं तर याला मोजतात, आणि मी आपला निवांत याच्याबरोबर जातो. एक काप पाव, दोन काप पाव."

"आणि तुझा मान?"

"खरं सांगू? आकडा गळ्यात होता तेव्हा तो हरवेल म्हणून जपत बसायचो. आता हरवण्यासारखं काही नाही. झोप छान लागते." एवढं बोलून पाव कापाबरोबर आत निघून गेला.

बातमीने डोळे पुसले तेव्हा तिला दगडाच्या पलीकडच्या अंगाला बसलेला आणखी एक जण दिसला. वाकडातिकडा, एका बाजूने मोडलेला. येणारेजाणारे त्याला ओलांडून जात होते.

"मी तुकडा," तो म्हणाला. "तुमच्यासारख्यांना आत सोडणं हेच माझं काम. तुम्ही विचारलं असतं तर सकाळीच आलो असतो."

बातमीच्या मनात आलं, सात जणींतली एक म्हणवणारी मी, आणि या मोडक्याचा हात धरून जाऊ? ते तिच्या चेहऱ्यावर उमटलं असावं, कारण तुकडा हसला.

"तुम्हाला वाटतंय, मोजत नाहीत म्हणजे मोल नाही. त्या रांगेत खुर्ची उभी आहे ना, तिचे दोन भाग केले तर काय उरेल?"

"लाकडं उरतील."

"म्हणजे खुर्ची संपली. आता दुधाचे दोन भाग करा. काय उरेल?"

"इकडेही दूध," ती हळूच म्हणाली, "आणि तिकडेही दूध."

"चला तर. उन्हं कलायला आता थोडाच वेळ आहे."

तिने हात पुढे केला. तुकड्याचा हात खरखरीत होता आणि उबदार होता. कितीजणने 'एक'चा बिल्ला काढला आणि तुकड्याच्या गळ्यात बांधला. गाठ पहिल्याच फटक्यात बसली. कितपतने मान डोलावून दार उघडलं आणि आत वर्दी दिली, "एक तुकडा बातमी आली आहे हो!" या वेळी कुणीही हसलं नाही. उलट दुकानांतून माना बाहेर आल्या.

खालच्या पेठेत चाळीस गल्ल्या होत्या. पहिल्या गल्लीच्या तोंडाशीच बातमी थबकली. एकेका दारात जाऊन सांगायचं तर दहाव्या गल्लीपर्यंतच उन्हं कलतील. आत्ता सहा बहिणी हव्या होत्या, असं तिला वाटून गेलं. पण मग आठवलं, त्या प्रत्येकीकडे वेगळंच काही असायचं.

"मला मोडा," तुकडा म्हणाला.

"काय?"

"मोडा म्हणतो. घाबरू नका. मी मोडलो की कमी होत नाही, वाढतो. एकाचे दोन होतात."

पहिल्या दारात खुर्चीमावशी बसली होती. पेठेतली सर्वांत जुनी रहिवासी. पाय दुखत म्हणून सहसा उठत नसे. बातमीने डोळे मिटून तुकड्याचा एक कोपरा मोडला आणि मावशीच्या हातात ठेवला.

मावशीने तो पाहिला आणि तिचे चारही पाय एकदम ताठ झाले. "अगं बाई! बांध? आज?" ती उठलीच. "खिडके, ए खिडके! ऐकलंस का?" तिने आपल्याकडचा कोपरा मोडून निम्मा शेजारच्या खिडकीला दिला. खिडकीने त्यातला निम्मा समोरच्या छत्रीला. छत्री उघडली आणि धावत सुटली.

बातमी एकेका चौकात कोपरा मोडत पुढे जात होती. पाचव्या चौकात तिला धडकी भरली. इतकं वाटून टाकल्यावर आपण उरलो तरी किती? तिने हात चाचपले, पाय चाचपले. कुठेच उणं नव्हतं. सकाळी नावेतून उतरली तेवढीच ती होती. आणि समोरून धापा टाकत येणारी एक अनोळखी पेन्सिल तिला सांगत होती, "अहो, उभ्या काय राहिलात? वरच्या बांधाला भेग पडलीय! उन्हं कलायच्या आत टेकडीवर जायचंय!" शब्दही तेच होते, घाईही तीच. तिखटमीठ कुठेही लागलं नव्हतं.

बातमीला हसू फुटलं. "हो हो, निघालेच," ती म्हणाली आणि पेन्सिलीच्या मागोमाग चालू लागली.

पेठ रिकामी झाली. दूध पेल्यांसकट गेलं, तांदूळ पोत्यांसकट. खुर्चीमावशीला दोन खिडक्यांनी आधार दिला. पावाने वाटेतल्या दमलेल्यांना धीर दिला. आणि शेवटची छत्री टेकडीच्या पायथ्याशी पोहोचते न पोहोचते तोच वरून घरघर ऐकू आली. बांध फुटला होता. पाणी गल्ल्यांतून शिरलं, ओट्यांवर चढलं, दुकानांच्या फळ्या घेऊन पुढे गेलं. वरून सगळे पाहत होते. मग मावशी म्हणाली, "जाऊ दे. भिंती पुन्हा उभ्या करता येतील."

कितीजणने सर्वांना ओळीने उभं केलं. गळ्यागळ्यातला बिल्ला बोटाने शिवत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. पेठेत चारशे बारा बिल्ले त्याने स्वतःच्या हातांनी बांधले होते. शेवटच्याशी येऊन तो थांबला, आणि खाली बसून त्याने तोंड झाकून घेतलं.

"किती?" कितपतने घाबरून विचारलं.

"चारशे बारा," कितीजण म्हणाला. "सगळे आहेत रे. सगळे."

कितपत आपल्या माणसांकडे वळला. दूध होतं, मीठ होतं, तांदूळ होता. कुठे सांडलवंड नव्हती. मग तो बातमीपाशी आला. तिच्या शेपटीवर चिखल उडाला होता. त्याने आपल्या उपरण्याने तो पुसला.

टेकडीच्या कुशीत एक झरा होता. दुपारपासून कुणी घोटभर प्यायलं नव्हतं. खुर्चीमावशीला पुढे बसवलं. तिने दोन्ही हात जोडून झऱ्याखाली धरले, प्यायली आणि बाजूला झाली. मग खिडकी आली, छत्री आली, पेन्सिल आली. बातमी जवळच्या दगडावर बसून पाहत होती. तिच्याशेजारी तुकडा होता. आता त्याचे शेकडो झाले होते आणि ते उतरणीवर सगळ्यांमध्ये विखरून बसले होते. संध्याकाळच्या उन्हात रांग खालपर्यंत गेली होती, आणि प्रत्येकाने आपापले हात आधीच जुळवून धरले होते.

चारशे बारा ओंजळी. आणि पाणी.