महाराजांचा बिनभोकाचा पुतळा

सर्जेराव महाराजांचा पुतळा कुंभाराच्या आव्यात भाजताना फुटला, तोही दुसऱ्यांदा! धाडकन आवाज झाला आणि महाराजांची मातीची पगडी उडून शेजारणीच्या वाळवणात पडली.

फुटणार नाही तर काय! पुतळा आतून पोकळ. तापला की आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट लागते. म्हणून पुतळे घडवणारे बुडाशी बोटभर भोक ठेवतात. पण महाराजांनी गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर भाजलेल्या मातीचा विलायती सरदार पाहिला, आणि आपलाही तसाच पुतळा हवा, हे घेतलं मनावर. त्यात दिवाण अंबकपंत कानाला लागले, "पुतळ्याला भोक? अशुभ! राज्याची लक्ष्मी गळून जाईल!"

झालं! पहिल्यापासूनच भोकाला बंदी! दुसराही फुटला तेव्हा हुकूम सुटला, "पुतळा हुबेहूब आमच्यासारखा हवा, आणि एकही भोक नको. तिसराही फुटला, तर करंजगड सोडून चालते व्हा!"

म्हादबा कुंभारानं कपाळाला हात लावला. पुतळ्यांची तोंडं घडवायची ती त्याची सून, हौसा. बोटांत असं कसब, की मातीच्या माकडालाही हसू फुटावं!

"सूनबाई, गाढवावर बोचकी लादा," म्हादबा म्हणाला. "हवा काय माझी मावशी आहे, गप बस म्हटलं की बसायला?" आणि दुःखाच्या भरात त्यानं तपकीर अशी ओढली, असा शिंकला, की दारातलं गाढव दावं तोडून पळालं!

हौसा खुदकन हसली. "मामंजी, गाढव परत आणा आणि चिखल तुडवायला घ्या!"

तिसरा पुतळा आव्यातून अख्खा निघाला. लालबुंद, पिळदार मिशांचा! हौसानं तो दरबारात नेला. सगळ्यांसमोर पंतांनी त्याचं बूड तपासलं, पाठ ठोकली, कानात काडी घातली. भोक कुठंच सापडेना.

"लबाडी आहे यात! पाण्याचं घंगाळ आणा!"

पुतळा पाण्यात बुडवला मात्र, बुडुक, बुडुक! नाकातून बुडबुडे!

"सापडलं! सरकार, एक सोडून दोन भोकं!" पंत नाचायचेच बाकी राहिले.

महाराजांच्या मिशा थरथरल्या. "काय गं ए! आम्ही काय सांगितलं होतं?"

"हुबेहूब कर म्हणाला होतात, सरकार." हौसानं पदर सावरला. "ही भोकं देवानं ठेवलेली. मी कोण बुजवणारी? घंगाळ भरलेलंच आहे. दिवाणजींनाही बुडवून बघा, बुडबुडे कुठून येतात ते!"

पंतांचा हात आपसूक नाकावर गेला. "अगं पण... राज्याची लक्ष्मी?"

"नाकातून लक्ष्मी गळत असती दिवाणजी, तर तुमच्या गेल्या पडशातच राज्य भिकेला लागलं असतं!"

महाराज असे हसले, असे हसले, की चोपदारांना त्यांची पगडी धरावी लागली! हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून हौसाच्या ओंजळीत टाकलं.

"घे पोरी! राजतळ्याची काळी माती खणायचा हक्क आजपासून तुझ्या घराण्याचा. आता अख्खा दरबार घडव, आणि सुरुवात पंतांच्या नाकापासून कर!"