टिटवीचा निरोप आणि सिंहाची बिरुदे

सिंहाची बिरुदे सात होती की नऊ, हे आता नीटसे आठवत नाही. कदाचित आठही असतील. पण ती फार होती, एवढे नक्की. बालमित्रांनो, दूर पश्चिमेच्या एका अरण्यात हा सिंह राज्य करीत असे. सिंधू नदीपर्यंतचा मुलूख जिंकणारा एक थोर सिंह तरुणपणीच वारला आणि त्याच्या सेनापतींनी सारे अरण्य आपसांत वाटून घेतले. त्यांतल्याच एकाचा हा पणतू. राजेपणाची खूण म्हणून तो कपाळाला पांढरी पट्टी बांधी. राज्य मात्र त्याला धड सांभाळता येईना. डोंगर हातचा गेला, तेव्हा त्याच्या प्रधानाने, कोल्ह्याने, त्याला ‘विजयी’ हे बिरुद सुचवले. तळे गेले, तेव्हा ‘त्राता’. कुरणे गेली, तेव्हा तर ‘साक्षात देव’! शिवाय हुकूम निघाला की, सगळी बिरुदे ओळीने म्हटल्याशिवाय राजापुढे कोणी बोलायचे नाही. एका माकडाने एक बिरुद गाळले. त्याला शेपटी गमवावी लागली.

नदीकाठच्या खडीत एका टिटवीची चार अंडी होती. एके सकाळी पैलतीरावर शेजारच्या राजाचे हत्ती जमलेले तिने पाहिले. सिंहाच्या सेनेने त्यांना पाण्यातच अडवले नाही, तर अंड्यांचा चुरा होणार! ती धापा टाकत दरबारात आली.

“महाराज, हत्ती...”

“अगं ए टिटवे,” कोल्हा खेकसला, “काही रीतभात? आधी बिरुदे!”

टिटवीने बिनशेपटीच्या माकडाकडे पाहिले आणि गुमान सुरुवात केली. “विजयी, त्राता, साक्षात देव, पितृभक्त...” घाईत पाचवे बिरुद काही केल्या आठवेना.

“विसरलीस ना? म्हण पुन्हा पहिल्यापासून!”

सिंहाने डोळे मिटून घेतले होते. “सावकाश म्हण, बाई,” तो हळूच म्हणाला. “ते ‘त्राता’ मघाशी नीट ऐकू आले नाही.”

एवढ्यात नदीकडून पाण्याचा खळबळाट ऐकू आला. टिटवीला राहवेना. “शेपटी घ्या, नाहीतर मान घ्या!” ती ओरडली. “हत्ती नदीत उतरलेत!” आणि उत्तराची वाट न पाहता ती उडाली. काठावर चढणाऱ्या पहिल्या हत्तीच्या डोळ्यांसमोर पंख पसरून तिने असा आकांत मांडला की, तो बिचकून बाजूला वळला. मागचे हत्ती त्याच्याच पावलांवरून गेले. चारही अंडी वाचली. दरबारात मात्र टिटवीला कोणती शिक्षा द्यावी, याचाच खल चालला होता. हत्ती दारात आले तेव्हा राजा पळाला. त्याची पांढरी पट्टी तेवढी एका काटेरी झुडपाला लटकत राहिली.

बिरुदे सात की नऊ, ही शंका काही फिटली नाही. पण पुष्कळ वर्षांनी पश्चिमेकडच्या जुन्या ग्रीक राजांची नाणी पडताळून पाहिली, तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. मोठे राज्य उभारणाऱ्या मूळपुरुषाच्या नाण्यावर ‘राजा’ हा शब्द आणि त्याचे नाव, एवढेच असे. राज्य आकसल्यानंतरच्या वंशजांच्या नाण्यांवर मात्र बिरुदांची दाटी झालेली दिसते.

तात्पर्य : ज्याला आधी स्तुती आणि मग बातमी हवी असते, त्याला बातमी ऐकायला वेळ उरत नाही.